जिप्सी किंग २००५: साठच्या पुढं स्टेअरिंग नाचतंय. लिफ्ट-टायर आधी करू का हे आधी बघू?

कुंभार्ली_जिप्सी

नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी किंग, २००५ ची, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं इंजिन), सॉफ्ट टॉप, मी तिसरा मालक. दीड वर्ष झालं घेऊन. पाटण तालुक्यात आमचं शेत वरच्या अंगाला आहे, शेवटचे तीन किलोमीटर नुसता लाल मातीचा चढ, पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टर जातो नाहीतर फोर बाय फोर, म्हणून मुद्दाम शोधून जिप्सी घेतली आणि गाडीवर जीव आहे माझा.

प्रॉब्लेम असा की कऱ्हाड-चिपळूण रोडला ६०-६५ च्या स्पीडला पुढच्या चाकाखाली खड्डा आला की स्टेअरिंग जे हलायला लागतं ते थांबतच नाही, बॉनेट डावी-उजवीकडं नाचायला लागतं आणि गाडी पार ३० वर आणली की मगच शांत होते. गेल्या आठवड्यात कुंभार्ली घाट उतरून आल्यावर सरळ रस्त्याला असंच झालं, शेजारी आई बसलेली, तिनं समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि गाडी बाजूला लागेपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्यानंतर मी गाडी हायवेला काढलेलीच नाही.

गॅरेजला दोनदा व्हील बॅलन्सिंग केलं, नंतर त्यांनी नवीन स्टेअरिंग डॅम्पर टाकला, दहा दिवस बरं वाटलं आणि परत सुरू. दुसरं म्हणजे उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूनं काळं पातळ ग्रीससारखं काहीतरी ओघळून रिमवर येतंय, त्यावर ते म्हणाले जुन्या गाडीला एवढं चालतंच.

आता पावसाळ्याच्या आत गाडी तयार करायची म्हणून चाळीस हजार बाजूला काढलेत. डोक्यात असं होतं की दोन इंच लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी कडी) टाकून गाडी उचलायची, २३५/७५ आर १५ चे मड टायर, पुढं लोखंडी बंपर आणि वर एलईडी बार. गॅरेजवाले म्हणतात मोठे टायर टाकले की थरथर आपोआप जाईल. मला ते पटत नाहीये पण नाही का पटत तेही सांगता येत नाही. घरी गोटी पान्यांचा सेट आहे, हायड्रॉलिक जॅक आहे, मेहुण्याकडून टॉर्क रेंच मिळेल. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड मी स्वतः बदलतो, हब मात्र कधी उघडलेलं नाही. हे घरी होण्यासारखं आहे का? आणि सुरुवात कुठून करू?

---

उद्यमनगर_लेथ

भावा, पहिल्यांदा एक ऐक, शॅकल आणि टायर दोन्हीची ऑर्डर थांबव. तू जे दोन प्रॉब्लेम वेगवेगळे लिहिलेत ते बहुतेक एकाच जागेचे आहेत, नकलचे, म्हणजे पुढचं चाक ज्यावर बसतं आणि वळतं त्या सांध्याचे.

जिप्सीला पुढं अख्खा एक्सल आहे, त्याच्या टोकाला गोल चेंडूसारखं हाउसिंग आणि त्या चेंडूवर नकल फिरतं. नकल धरून ठेवायला वर एक किंगपिन म्हणजे जाड खुंटी, खाली एक किंगपिन, दोन्हीकडं छोटे टेपर बेअरिंग. ते बेअरिंग झिजले का नकल चेंडूवर सैल होतं, मग खड्ड्यानं एकदा धक्का दिला की चाक डावीकडं-उजवीकडं झोके घ्यायला लागतं आणि पुढचा एक्सल सलग असल्यामुळं एका चाकाचा झोका टाय रॉडमधून, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्यातून, दुसऱ्याला जातो, दुसऱ्याचा परत पहिल्याला. डॅम्पर काय करतो तर तो झोका दाबतो. झीज तशीच राहते, वर झाकण बसतं फक्त, म्हणून तुला दहा दिवस बरं वाटलं.

आता खात्री कशी करायची ते सांगतो, यात एक रुपया खर्च नाही. सपाट जागा बघ, मागच्या चाकांना दगड लाव, पुढचा एक्सल जॅकनं उचल आणि घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेव. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ वाजता धरून हलव. खेळ लागला तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, कारण डिस्क आणि कॅलिपर एकमेकांना धरतात आणि हब नकलला बांधला जातो. ब्रेक दाबूनसुद्धा खेळ राहिला तर तो किंगपिनचा. मग ३ आणि ९ वाजता धरून हलव, त्यात खेळ असेल तर टाय रॉड एंड बघ, एकेक एंड हाताच्या मुठीत धरून, दुसऱ्यानं स्टेअरिंग थोडं थोडं हलवायचं, जिथं टक् लागतं तो गेला. पाट्यांचे बुश आणि स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट पण त्याच वेळी बघून घे.

काळं पातळ जे ओघळतंय ते ग्रीस एकटं नाही. एक्सलच्या नळीच्या तोंडाला आत एक ऑइल सील असतं, डिफरेन्शियलचं, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं, ऑइल नकलमध्ये येऊ नये म्हणून. ते सील फाटलं की गिअर ऑइल नकलमध्ये उतरतं, ग्रीस पातळ करतं आणि चेंडूवरच्या बाहेरच्या सीलमधनं गळतं. म्हणजे एकीकडं किंगपिन बेअरिंगचं ग्रीस धुऊन गेलं आणि दुसरीकडं पुढच्या डिफरेन्शियलची लेव्हल खाली चालली. आधी पुढचा फिलर प्लग उघडून करंगळी घालून बघ, ऑइल भोकाच्या काठापर्यंत लागलं पाहिजे. नियम एकच, खालचा ड्रेन उघडायच्या आधी वरचा फिलर उघडायचा, नाहीतर ऑइल काढून बसशील आणि फिलर गंजून सुटायचा नाही.

घरी होतं का? होतं, दोन दिवस हातात ठेव आणि एका वेळी एकच बाजू उघड, दुसरी बाजू बघून जोडता येते. चाक काढ, कॅलिपर काढून तारेनं पाट्याला टांग, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नको. हबचं टोपण, आतली सर्कलिप, मग लॉक वॉशरचे वाकवलेले कान सरळ करून मोठा नट. इथं छिन्नी-हातोडी लावायची नाही, मोठी गोटी आण, जुन्या गाड्यांचे निम्मे नट छिन्नीनंच खाल्लेले असतात. हब डिस्कसकट बाहेर येतो, मग स्पिंडल, ते अडकतं, लाकडाच्या ठोकळ्यानं चारी बाजूनं हळूहळू ठोक. एक्सलचा शाफ्ट जॉइंटसकट सरळ ओढून काढ. टाय रॉड सोड, चेंडूमागचे सीलच्या पट्टीचे छोटे बोल्ट सोड, आणि मग किंगपिन. वरची आणि खालची किंगपिन काढायच्या आधी खडूनं खूण कर, त्यांच्याखालच्या शिम (पत्र्याच्या पातळ चकत्या) ज्याच्या त्याच्याबरोबर राहू देत. खालची काढताना एक हात खाली धर, बेअरिंग हातात पडतं.

सगळं डिझेलनं धू. बेअरिंगच्या वाटीत बोट फिरवलं आणि नखाला खाचा लागल्या तर तुझं दुखणं सापडलं. वाटीसकट बदलायचं, नुसतं बेअरिंग बदलून जुनी वाटी ठेवणारे लोक आहेत, तीन महिन्यात परत तेच. चेंडूवर गंजाचे खड्डे असतील तर बारीक एमरी पेपरनं पॉलिश मार, नाहीतर नवीन सील पण महिन्यात कापलं जाईल. आतलं ऑइल सील नवीन बसवताना त्याच्या ओठाला ग्रीस लाव आणि शाफ्ट परत घालताना त्याचं वजन सीलवर येऊ देऊ नको, तिथंच नवीन सील फाटतं. बाहेरच्या सीलचा सेट म्हणजे रबर, नमदा आणि पट्टी, निघताना फोटो काढ आणि त्याच क्रमानं नकल बसवायच्या आधी हाउसिंगवर सरकव.

आता जी गोष्ट गॅरेजमध्ये कुणी करत नाही ती. किंगपिन बसवून बोल्ट आवळलेस की शाफ्ट आणि बाहेरचं सील लावायच्या आधी थांबायचं. भंगारवाल्याकडं असतो तसला हुकचा ताणकाटा घे, नकलवर टाय रॉड बसतो त्या भोकात हुक अडकव आणि काटकोनात ओढ. नकल हलायला सुरुवात होताना काटा १ ते १.८ किलोच्या मध्ये दाखवला पाहिजे. कमी दाखवला तर शिम काढ, जास्त दाखवला तर शिम घाल. जिप्सी चालवताना जी खात्री वाटते ना हातात, ती या एका आकड्यात आहे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा उजवीकडं काटा अर्ध्या किलोच्या पण खाली होता, एक पातळ शिम काढली, दीड किलोवर आला, आणि गाडी वेगळीच झाली.

व्हील बेअरिंगचा नट बसवताना पहिल्यांदा ८० न्यूटन मीटरपर्यंत आवळ, हब दोन्ही बाजूला फिरव म्हणजे रोलर बसतील, मग नट पूर्ण सैल कर आणि परत १० ते १५ न्यूटन मीटरलाच आवळ, मग लॉक वॉशर आणि वरचा नट. जास्त आवळलेलं बेअरिंग जळतं, सैल ठेवलेलं खडखडतं.

काही अडलं तर फोटो टाक, कोल्हापूरला आलास तर शिम मी देतो.

---

हर्णै_फोरबायफोर

वरच्या दादांनी नकलचं सगळं सांगितलंय, मी त्यात एकच पण महत्त्वाचं घालते. ते सील का फाटलं हे शोधल्याशिवाय नवीन बसवू नका. पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलवर एक छोटा ब्रीदर असतो, चिखलानं तो बुजतो. गाडी चालून एक्सल गरम झाला की आतली हवा फुगते, तिला जायला जागा नसली की ती सीलमधून वाट काढते आणि ऑइल घेऊन बाहेर येते. आणि गरम एक्सल एकदम ओढ्याच्या गार पाण्यात गेला की उलटं होतं, आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. माझ्या जिप्सीचं मागचं ऑइल एका पावसाळ्यात काढलं तर दूध घातलेल्या चहासारखं निघालं, तेव्हा मला हे कळलं.

उपाय अगदी घरचा आहे. दोन्ही ब्रीदर काढून तिथं नळी बसेल असं निप्पल लावायचं, पेट्रोलची चांगली रबरी नळी घ्यायची, पाण्याची प्लॅस्टिकची नको, ती एक्सॉस्टजवळ वितळते, आणि चॅसिसला क्लिप मारत इंजिनच्या खणात बॅटरीच्या उंचीला नेऊन टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर लावायचा. एक्सल वर-खाली होतो त्यासाठी नळीला मध्ये सैल वळण ठेवा. एका रविवारचं काम आहे आणि माझ्या मते जिप्सीवर करायचं पहिलं अपग्रेड हेच, टायरच्याही आधी.

पावसाळ्याआधी दोन्ही डिफरेन्शियलचं ऑइल बदलून घ्या, पुढं साधारण दोन लिटर, मागं दीड, जीएल-५ ८०डब्ल्यू-९०. गिअरबॉक्सला मात्र तेच डब्यातलं उरलेलं ओतू नका, तिथं जीएल-४ लागतं, आत सिंक्रोच्या, म्हणजे गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या, पितळी रिंगा असतात, त्यांना काही जीएल-५ ऑइल बाधतात. दुकानदार दोन्हीला एकच देतो, डबा स्वतः वाचून घ्या.

आणि खाली गंज बघा. आमच्याकडं खाऱ्या हवेत जिप्सीची फ्लोअर आणि मागच्या पाट्यांचे हँगर आधी जातात, वरून रंग चकचकीत असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं खालून ठोकत जायचं, आवाज बदलला की तिथं कुजलंय. आमच्या भागात अजून खालून जळकं इंजिन ऑइल मारतात, आमचे अण्णा पण मारायचे, पण त्यानं पाट्यांचे रबर बुश फुगून मऊ पडतात आणि परत गाडी सैल होते. गंज घासून प्राइमर आणि अंडरबॉडी कोटिंग मारा, वेळ लागतो पण टिकतं.

एक विनंती सगळ्यांनाच. गाडी उचलली, टायर टाकले की पहिला व्हिडिओ समुद्रावर काढायला येतात लोक. आंजर्ले, वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, ती घरटी वरून दिसत नाहीत. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा चाकोरीच्या खळग्यात अडकतात आणि पाण्यापर्यंत पोचत नाहीत. मी गावातल्या मुलांबरोबर सकाळी घरटी बघायला जायचे, चाकांच्या खुणा दिसल्या की पोटात कालवतं. गाडी रस्त्यावर ठेवा आणि चालत जा.

---

टायरगणित_पुणे

टायरबद्दल लिहितो, कारण मी आधी २३५ टाकले होते आणि परत काढले.

कंपनीचा टायर २०५/७० आर १५, व्यास ६६८ मिमी. २१५/७५ आर १५ चा होतो ७०४ च्या आसपास, २३५/७५ चा ७३४. म्हणजे २१५ नं गाडी एक्सलपासून १८ मिमी वर जाते, २३५ नं ३३ मिमी. स्पीडोमीटर ६० दाखवत असताना २१५ वर तुम्ही ६३ ला असता, २३५ वर जवळपास ६६ ला. हे सोसण्यासारखं आहे, पण १२९८ सीसीच्या इंजिनाला जवळपास १० टक्के मोठं आणि वजनानं कितीतरी जड चाक फिरवायचं म्हणजे घाटात जिथं तिसरा चालायचा तिथं दुसरा टाकावा लागतो, ब्रेक लांबतात आणि पूर्ण वळवलं की टायर पाट्याला घासतो. आणि तुमच्या आत्ताच्या सैल किंगपिनवर ते वजन टाकलं तर थरथर जाणार नाही, वाढेल. २१५/७५ आर १५ बोलेरोचा साइज आहे, तालुक्याच्या गावात पण मिळतो, पंक्चर झाला तर अडून बसावं लागत नाही. शेतात चिखलात जायचंय ना, ऑल टेरेन घ्या आणि चिखल लागला की हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, हातपंप नाहीतर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर बरोबर ठेवा. हवा उतरवल्यानं जेवढी पकड वाढते तेवढी नवीन टायरनं पण वाढत नाही हे मी दोन्ही करून बघून सांगतोय.

लांब शॅकलबद्दल. दोन इंच लांब शॅकलनं गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. आणि जिप्सीला पुढचं शॅकल एक्सलच्या पुढं आहे, त्यामुळं पाट्याचं पुढचं टोक खाली गेलं की अख्खा एक्सल पुढं कलतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या चिमट्याला जो तिरकेपणा असतो तो, हात सोडला तरी सायकल सरळ जाते ती त्याच्यामुळं. तो कमी केला की गाडी भरकटते आणि थरथरीला आमंत्रण. उचलायचीच असेल तर चांगले पाटे घेऊन उचला, शॅकलनं नको.

कायद्याचं पण बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत चालत नाहीत. लोखंडी बुलबार बंद करा असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना कळवलंय. तुमची गाडी २००५ ची, म्हणजे पंधरा वर्षं होऊन गेली, दर पाच वर्षांनी आरसी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागणार आणि ग्रीन टॅक्स भरावा लागणार, तेव्हा तिथं हे सगळं उघड्यावर येतं.

एलईडी बार लावणार असाल तर १२० वॉटचा म्हणजे १० अँपिअर, बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागून १५ अँपिअरचा फ्यूज, रिले, आणि २.५ स्क्वेअर एमएमची वायर. हेडलाइटच्या वायरला जोड मारू नका. रस्त्यावर त्याला कव्हर घाला, समोरच्याला काही दिसत नाही.

---

ईएमई_निवृत्त

मी लष्कराच्या ईएमईमध्ये (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारं दल) नोकरी केली, जिप्सीखाली वर्षानुवर्षं झोपलोय, आता साताऱ्याजवळ गावी असतो. वरच्या मुलांनी सगळं बरोबर लिहिलंय. माझी भर थोडी.

बंपर आणि विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) मिळून एका माणसाचं वजन कायमचं पुढच्या पाट्यांवर बसतं. जिप्सी हजार किलोच्या आत भरते, चिखलात ती चालते ती हलकी आहे म्हणून. ते वजन घालू नको बाळा. मूळ गाडीला चॅसिसला हुक आहेत, त्यांचे बोल्ट तपास आणि चांगला पट्टा बरोबर ठेव. ओढताना साखळी वापरायची नाही आणि पट्ट्याच्या रेषेत कुणाला उभं राहू द्यायचं नाही.

पाटे मोज. सपाट जागेवर दोन्ही बाजूला एक्सल आणि रबरी बंपस्टॉपमधलं अंतर टेपनं घे. डावी-उजवी फरक असेल तर पाटा बसलाय. पाटेवाल्याकडं कमान चढवून मिळते पण ती काही महिन्यात परत बसते, तुटका पाटा असेल तर तो पाटा बदल. पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट एकदा सोडले की नवीन टाक, जुने ताणलेले असतात, आणि १०० किलोमीटर चालवून परत आवळ. आवळलेल्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढ, नटावरून बोल्टावर. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. आमच्याकडं सकाळी गाडी निघायच्या आधी हे बघायचंच, पाच मिनिटं लागतात, तू शेतात जायच्या आधी बघत जा.

सगळं जोडून झालं की टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलीत ते, घरी मोज. दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध खडूनं खूण कर, पुढच्या बाजूला खुणांमधलं अंतर घे, गाडी अर्धं चाक पुढं ढकल म्हणजे त्याच खुणा मागं जातील, परत अंतर घे. पुढचं अंतर मागच्यापेक्षा २ ते ६ मिमी कमी पाहिजे. आईला परत गाडीत बसव, पण आधी एकट्यानं ७० पर्यंत चालवून बघ.

---

कुंभार्ली_जिप्सी

सगळ्यांचे मनापासून आभार, आज तीन आठवड्यांनी लिहितोय कारण सगळं करून मग सांगायचं ठरवलं होतं.

पहिल्याच दिवशी ब्रेकवाली टेस्ट केली, बहिणीनं ब्रेक दाबून धरला, उजवं चाक १२ आणि ६ वाजता धरलं तर खेळ तसाच, म्हणजे किंगपिन. डावीकडं ब्रेक दाबल्यावर खेळ गेला, म्हणजे तिकडं व्हील बेअरिंग सैल. पुढच्या फिलरमध्ये करंगळी घातली तर ऑइल लागलंच नाही. दादा, तुम्ही न बघता सांगितलं होतं.

उजवी बाजू उघडायला अख्खा शनिवार गेला. मोठ्या नटावर आधीच छिन्नीचे घाव होते, कान सरळ करायला तासभर लागला, गोटी नवीन आणली आणि नट पण नवीन घातला. खालच्या किंगपिन बेअरिंगची वाटी हातात घेतली तर रोलर जिथं बसतात तिथं बोटाच्या नखाएवढ्या खाचा पडलेल्या, रांगेनं, आणि अर्धी वाटी तांबूस गंजलेली. वरचं बेअरिंग बरं होतं तरी चारही बदलले. आतल्या सीलचा ओठ एका जागी कापलेला. स्पिंडल काही केल्या सुटेना, ताई, तुमचा गंजाचा मुद्दा वाचून आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकळ्यानं निघालं. आणि ब्रीदर खरंच बुजला होता, काडी घातली तर आतून लाल माती वाळून दगड झालेली निघाली. आमच्याच शेताची माती.

ताणकाटा गावातल्या मासेवाल्या मावशींकडून मागून आणला, तिनं विचारलं कशाला, सांगितलं गाडीचं नकल मोजायला, ती म्हणाली पुसून परत दे. पहिल्या वेळी उजवीकडं काटा पाव किलोच्या जवळ. एक शिम काढली तर सव्वा किलो. डावीकडं शिमला हात लावावा लागला नाही, १.४ आला. ब्रीदरच्या दोन्ही नळ्या वर नेल्या, ऑइलं बदलली, टो-इन काकांच्या पद्धतीनं मोजलं तर उलटं होतं, पुढचं अंतर ४ मिमी जास्त, टाय रॉड फिरवून ३ मिमी कमीवर आणलं. सगळ्या नटांवर पांढऱ्या रेघा ओढल्यात.

मग पहाटे एकटाच गाडी घेऊन गेलो, पाटणच्या पुढं जो खड्डा मला माहिती आहे त्यावर ६५ ला मुद्दाम घातली. एक धक्का बसला आणि गाडी सरळ गेली. परत वळून आलो आणि ७० ला घातली. तेच. बाजूला गाडी लावून थोडा वेळ तसाच बसलो.

पैशाचं म्हणाल तर बेअरिंग, सील, नट, ऑइल, नळ्या सगळं धरून चाळीसातले निम्मे पण गेले नाहीत. उरलेल्यात २१५/७५ चे चार ऑल टेरेन आणि एक कॉम्प्रेसर घेणार, शॅकल आणि बंपर रद्द. रविवारी आईला घेऊन चिपळूणला मामाकडं जाऊन आलो. जाताना तिनं दांडा धरला होता, येताना पोफळीच्या पुढं झोप लागली तिला.

काका, एक राहिलंय, मागच्या डाव्या पाट्याचं बंपस्टॉपपासूनचं अंतर उजव्यापेक्षा १२ मिमी कमी भरतंय, पाटा तुटलेला दिसत नाही पण शॅकलचा पिन बुशमध्ये इतका धरलाय की ठोकूनही हलत नाही. गरम करून काढू का कापूनच काढू?

---

ईएमई_निवृत्त

कापून काढ. गरम केलंस तर रबर जळून धूर होईल, पेट्रोलची टाकी तिथंच मागं आहे. आणि कापताना पण ठिणग्यांनी टाकीकडं जायचं नाही, ग्राइंडर नको, करवतीनं हातानं काप, टाकीवर ओलं पोतं टाक. पिन आणि बुश दोन्ही नवीन घाल, पिनला रबराला चालणारं ग्रीस लाव, आणि नट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळ, हवेत आवळलास तर बुश पिळलेलं राहतं आणि महिन्यात फाटतं. पिन निघाल्यावर अंतर परत मोज, नुसत्या जाम शॅकलनं पण १२ मिमी फरक पडू शकतो, पाट्याला हात लावायच्या आधी ते बघ.